मंगळवारची अपेक्षा

‘वेट’ आणि ‘एक्स्पेक्ट’ यांतला फरक मी चौतीस वर्षं मुलींना शिकवला, आणि चौतीस वर्षांत एकाही वर्गाला तो पहिल्या फटक्यात समजला नाही. ‘आय अ‍ॅम वेटिंग यू’ असं लिहिणाऱ्या दर वर्षी निघत. ‘लुक फॉरवर्ड’चं भाषांतर ‘पुढे बघणे’ असं करून वर माझ्याकडे अभिमानानं पाहणाऱ्याही निघत. बाकीच्या चुका मी हसून सोडून देत असे. या दोन-तीन क्रियापदांपाशी मात्र माझा तोल जायचा. एकदा एका गरीब स्वभावाच्या मुलीची वही मी खिडकीबाहेर भिरकावली होती. तिनं ‘एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा’ एवढंच लिहिलं होतं आणि ते काही चूक नव्हतं. मुली मला पाठीमागं काय म्हणत ते मला ठाऊक होतं. त्यामागचं कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते वर्गात सांगण्यासारखंही नव्हतं. आता ज्यांच्या मनाला लागेल असं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा औरंगाबादेत, पैठण गेटाच्या आत, भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. घरात अण्णा, आई आणि मी. थोरला भाऊ मुंबईला. अण्णा कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. निजामाच्या अमलात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, आणि अण्णांचं उर्दू अक्षर असं होतं की साहेब लोक महत्त्वाचा कागद त्यांच्याच हातचा मागून घेत. मला त्यातलं अक्षर कळत नसे, पण त्यांचा बोरू कागदावर करकरू लागला की आई मला गप्प बसायला लावी. पोलिस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं आणि कचेरीत बाहेरून नवे अधिकारी आले. ते इंग्रजीत बोलत, इंग्रजीत लिहीत आणि इंग्रजीतच रागावत. अण्णांना त्यांनी काढून टाकलं नाही. फक्त जुन्या दफ्तराच्या खोलीत बसवलं. तिथं उर्दू कागदांची बाडं बांधायची, उतरवायची, पुन्हा बांधायची. पन्नाशीला टेकलेला हुशार माणूस एका वर्षात अडाणी झाला. शेरवानी ट्रंकेत गेली. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते बराच वेळ धुळीनं लाल झालेले डोळे पुशीत बसत.

आईचं जग चुलीपुरतं होतं असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणणार नाही. ती भाजक्या पिठाच्या येसराची आमटी अशी करायची की भांडं चाटूनपुसून साफ होई. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर लसणाची फोडणी. उन्हाळ्यात गव्हाचा चीक शिजवून कुरडया. नहरीचं, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचं पाणी दोन घरं पलीकडच्या हौदात पडत असे, त्याचा आवाज आणि आईच्या भाकरी थापटण्याचा आवाज हे दोन एकत्र ऐकू आले की भूक लागायची. तिच्या तोंडी ‘वाट बघते’ हे शब्द कधी यायचे नाहीत. माणसाची वाट बघितली की त्याची वाट लांबते, असं तिच्या माहेरी मानायचे. भाऊचं पत्र महिन्याचं महिन्याला यायचं, तिच्या एकटीच्या नावानं. त्यात अण्णांचं नावही नसे.

त्यालाही कारण होतं. पोलिस अ‍ॅक्शनच्या आधीच्या त्या वाईट दिवसांत भाऊ शिकायला म्हणून संस्थानाबाहेर गेला. जाण्याआधी बापलेकांत वाजलं. “तुम्ही निजामाचं मीठ खाता,” असं तो म्हणाला. “त्याच मिठावर तू वाढलास,” असं अण्णा म्हणाले. पुढं राज्य गेलं, भांडणाचा विषयच गेला, पण दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. भाऊला गोदीच्या कचेरीत नोकरी लागली. एकदा चार दिवस येऊन गेला. चारही दिवस दोघं माझ्यामार्फत बोलले. “तुझ्या वडिलांना विचार, जेवायचंय का.” “तुझ्या भावाला सांग, मी जेवलो.” मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

आता इंग्रजीकडे येते. आम्हाला इंग्रजी शिकवायला हमीद मास्तर होते, उस्मानपुऱ्यातून सायकलवर येत. उस्मानपुरा तेव्हा आम्हाला परगावासारखा लांब वाटे. मास्तरांना मराठी जेमतेम येई, म्हणून ते इंग्रजी उर्दूतून शिकवीत, आम्ही ते मनात मराठीत घेत असू, आणि या प्रवासात जे सांडायचं ते सांडे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: वेट, एक्स्पेक्ट, होप. “देखो बेटियां,” ते म्हणाले, “वेट बोले तो इंतजार. आदमी बैठा है, गाड़ी आवे ना आवे. एक्स्पेक्ट बोले तो तवक्को. दिल में पक्का है, आएगी. और होप बोले तो उम्मीद. गाड़ी का टैम निकल गया, फिर भी उठता नहीं.” सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन शब्दकोशात पाहिलं. ‘एक्स्पेक्ट’पुढे अपेक्षा होतं. मी ते पाठ केलं आणि परीक्षेत पहिली आले. चाळीस मुलींत पहिली म्हणजे काही फार नव्हे, वासरांत लंगडी गाय शहाणी; पण अण्णांनी गुलमंडीवरून पेढे आणले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णा माझं इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसायला लागले. मी शिकवायची, ते शिकायचे. बारा-तेरा वर्षांची मी, मोठ्या ऐटीत त्यांच्या चुका काढायची. त्यांना अक्षरं लवकर आली, शब्द मात्र टिकेनात. वेट-एक्स्पेक्टची गोष्ट सांगितली तेव्हा ते खूश झाले. “तवक्को! व्वा! मास्तर लई लायक माणूस दिसतोय,” म्हणाले. मग चुलीकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलं का? साहेबलोकांत वाट बघायला तीन तीन शबुद हायेत.”

“असंनात,” आई म्हणाली. “त्येंची माणसं लई लांब जात असतील.”

महिन्याभरात अण्णांनी पुस्तक बाजूला ठेवलं. “माझ्यानं नाय होत आता. तू शीक. तुला आलं म्हंजी मला आल्यासारखंच हाय,” असं म्हणाले. कचेरीतही त्यांनी सांगून टाकलं होतं की आमच्या घरी इंग्रजी कळणारी मुलगी आहे. कोणी औषधाची बाटली, कोणी सरकारी कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागलं. मला जेवढं कळे तेवढं मी सांगे, आणि जे कळत नसे तेही सांगे. ही दुसरी सवय कोणाच्या लक्षात आली नाही.

त्या उन्हाळ्यात आईला ताप आला. पहिले आठ दिवस ती तापातच कामं करीत राहिली. मग पडली ती उठेना. मुदतीचा ताप आहे, एकविसाव्या दिवशी उतार पडेल नाहीतर कठीण, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी बोटांवर मोजलं. एकविसावा दिवस मंगळवारी येत होता. “मुलाला त्याच्या आत बोलवून घ्या,” डॉक्टर दाराशी हळू आवाजात म्हणाले. गुरुवारी अण्णा स्वतः तारघरात गेले. इतक्या वर्षांत मुलाशी पहिल्यांदा बोलायचं, तेही तारबाबूच्या इंग्रजीतून. ‘मदर सीरियस, कम बिफोर ट्यूजडे’ अशी तार गेली. आईला त्यांनी सांगितलं, “मंगळवारी येतोय तो.” येणार की नाही हे त्यांना कुठं ठाऊक होतं! पण सांगून टाकलं. तेव्हापासून आई रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, “आज कंचा वार?” मी वार सांगितला की ती ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायची आणि भाताच्या पेजेचे चार घोट घ्यायची.

शनिवारी दुपारी उत्तराची तार आली. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. अण्णांनी सही करून लखोटा घेतला, फोडला, आणि कागद माझ्या हातात दिला. कागदावर तीन शब्द होते आणि खाली भाऊचं नाव. भाऊ बोलण्यातही काटकसरी होता, तारेत तर काय बोलावं! ‘एक्स्पेक्ट लीव्ह ट्यूजडे.’

मी तो कागद दोनदा वाचला. तिन्ही शब्द मला येत होते, म्हणून मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. एक्स्पेक्ट, अपेक्षा. लीव्ह, सोडणे. ट्यूजडे, मंगळवार. आणि मग तिन्हींचा मिळून अर्थ लागला.

“काय म्हणतोय?” अण्णांनी विचारलं.

“मंगळवारची अपेक्षा सोडा,” मी म्हणाले.

“नीट बघ.”

“नीटच बघितलंय. हे एक्स्पेक्ट. तवक्को. आणि लीव्ह म्हणजे सोडणं.”

“तवक्को छोडो,” अण्णा स्वतःशीच म्हणाले. उर्दूतही ते बरोबर बसलं. मराठीत बसलं, उर्दूत बसलं, मग इंग्रजीत बसणार नाही असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. हमीद मास्तरांना विचारून यावं का, असं मात्र माझ्या मनात क्षणभर आलं होतं, हे मी आज कबूल करते. मी तसं पुटपुटलेही. अण्णा म्हणाले, “घरात शिकलेली लेक असताना दुसऱ्याच्या दारात कशाला? आपली शोभा गावाला दाखवायची का?” आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. आई आत मरणाच्या दारात होती, भाऊ येणार नव्हता, आणि मला बरं वाटलं. या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते.

अण्णा आत गेले. मी चौकटीला धरून उभी होते. “त्यो यायचा नाय,” ते म्हणाले. खोटं बोलले असते तर चाललं असतं, पण त्यांचा राग त्यांच्या मायेपेक्षा जोरात होता. आईनं डोळे उघडले नाहीत. “असू द्या,” ती म्हणाली. “उन्हाचं एवढ्या लांबून कशाला. कामाचा असंल त्यो.” रविवारी सकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि वार विचारला नाही. सोमवारीही विचारला नाही. पेज तोंडाशी नेली की ती मान वळवायची. डॉक्टर म्हणाले, तापच तसा होता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

मंगळवारी सकाळी, नहरीचं पाणी यायच्या वेळेला, आई गेली. गल्लीतली माणसं जमली. धाकटे चुलते नानाकाका पहाटेच आले होते. ते अण्णांच्या जवळ बसून म्हणाले, “दादा, दोनच्या सुमाराला मनमाडाकडची गाडी येती. तवर थांबायचं का? थोरला मुलगा हाय. अग्नी त्याचा हाय.”

“कुणासाठी थांबायचं?” अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून तार काढून नानाकाकांपुढे धरली. नानाकाकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

अकराला आईला नेलं. खाम नदीच्या काठी अण्णांनीच अग्नी दिला. माणसं परत आली, अंघोळी झाल्या, अंगणात दोरीवर ओली धोतरं वाळत पडली. बायकांनी मला कोपऱ्यात बसवलं होतं. साडेतीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबल्याचा आवाज आला. भाऊ हातात पत्र्याची छोटी पेटी आणि एका रुमालात मोसंबी घेऊन उतरला. मोसंबी आजाऱ्यासाठी आणतात. दारापर्यंत तो भराभर आला, आणि मग त्याला दोरीवरची धोतरं दिसली. तो तिथंच उभा राहिला. रुमालाची गाठ सुटून एक मोसंबं ओट्यावरून गडगडत खाली गेलं, ते कोणी उचललं नाही.

“आता आलास?” अण्णा आतून म्हणाले. भांडणानंतर मधला माणूस न घालता ते त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. “आता कशाला आलास? अपेक्षा सोडा म्हनून लिहितोस. मायला लिहितोस, मरणाऱ्या मायला?”

“मी असं कुठं लिहिलं?” भाऊ म्हणाला.

अण्णांनी तार त्याच्या अंगावर फेकली. भाऊनं ती उचलली, वाचली. त्याच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली, आणि त्यानं मान वर करून खोलीभर पाहिलं. कोपऱ्यात मी होते. माझं तोंड उघडंच होतं. तो माझ्याकडे किती वेळ पाहत होता हे मला सांगता येणार नाही. पण त्याचा चेहरा माझ्यासमोर हळूहळू म्हातारा झाल्याचं मला आठवतं. मग त्यानं तारेची घडी घालून ती अण्णांपुढे ठेवली.

“हो,” तो म्हणाला. “तसंच लिहिलं होतं. रजा मिळायची नाही असं वाटलं होतं. मग मिळाली.”

तेरा दिवस तो राहिला. मुंडण केलं, पिंडदान केलं. अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत, माझ्यामार्फतही नाही. चौदाव्या दिवशी तो गेला, आणि मीही त्याच्याशी नीट बोलले नव्हते, कारण मलाही वाटत होतं की त्यानं तसंच लिहिलं होतं. मीच तर वाचलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात हमीद मास्तरांनी अर्ज कसा लिहावा ते शिकवायला घेतलं. ‘आय बेग टु रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.’ मी हात वर केला. सोडायला परवानगी मागायची तर ‘टु लीव्ह’ हवं, असं मला सांगायचं होतं. मास्तरांची चूक काढायची होती. “नहीं बेटी,” मास्तर म्हणाले, “ये लीव्ह अलग है. लीव्ह बोले तो रुख्सत. छुट्टी. मराठी में क्या बोलते? हौ, रजा.” मी खाली बसले. फळ्यावरची अक्षरं मला दिसेनात. तास संपल्यावर मी त्यांच्या सायकलीमागं गेले आणि विचारलं, “मास्तर, एक्स्पेक्ट लीव्ह ट्यूजडे, इसका मतलब?” ते सायकलीला पाय लावता लावता म्हणाले, “मंगल से रुख्सत मिलने की तवक्को है. किसने लिखा?” मी म्हणाले, “किताब में है.” रुख्सत हा शब्द अण्णांनी वीस वर्षं कचेरीत हजारदा लिहिला असेल. मी तो त्यांना सांगितला असता तर ते दारात जाऊन बसले असते, आणि आईला दुपारपर्यंत ठेवून घेतलं असतं. कदाचित आईनंही पेज घेतली असती.

मी भाऊला माझी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर बंद पाकिटात आणि मुद्दाम इंग्रजीत आलं. अण्णांनीच ते माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे बघत विचारलं, “काय म्हणतोय?” त्यात सोप्या वाक्यांत लिहिलं होतं, माझ्यापुरतं सोपं करून: अण्णांना सांगू नकोस. मी त्यांच्या लेखी आधीच वाईट आहे, आणखी थोडा झालो तर काही बिघडत नाही. त्यांच्यापाशी आता तुझ्या इंग्रजीशिवाय काही उरलेलं नाही, ते काढून घेऊ नकोस. मी कागदावरची नजर न हलवता म्हणाले, “खुशाल आहे म्हणतो.” शनिवारची माझी चूक अजाणतेपणी झाली होती, ही जाणून केली.

मी गप्प बसले. दहा वर्षं गप्प बसले. त्या दहा वर्षांत मी मॅट्रिक झाले, बी. ए. झाले, इंग्रजी घेऊनच झाले, आणि ज्या शाळेत शिकले तिथंच शिकवायला लागले. अण्णा निवृत्त झाले. रस्त्यात कोणी भेटलं की ते माझ्याबद्दल सांगायचे आणि भाऊबद्दल विचारलं की चालू लागायचे. भाऊचं लग्न झालं, अण्णा गेले नाहीत. त्याला मुलगी झाली, अण्णांनी नाव विचारलं नाही. नातीचा फोटो आला तेव्हा त्यांनी तो पालथा ठेवलेला मी पाहिला, आणि त्या दिवशी मला राहवलं नाही.

दुपारची वेळ होती, अण्णा ओट्यावर बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. तीन शब्द, माझं वाचणं, हमीद मास्तर, भाऊचं खोटं, त्याचं पत्र. सांगताना मी रडत होते. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते आत गेले आणि पेटीतून ती तार घेऊन आले. त्यांनी चष्मा लावला, आणि मी लहानपणी शिकवलेली ती अक्षरं एकेक करून, बोट ठेवून वाचली.

“तू तवाच बरूबर वाचलं व्हतं,” ते म्हणाले.

“नाही हो अण्णा. लीव्ह म्हणजे रजा. रुख्सत.”

“भावाची माया आली म्हनून आता अर्थ बदलायलीस.”

मी शब्दकोश आणला, पान काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तो माझ्या हातातून हळूच घेतला आणि मिटला. “किताब तूच आणणार, माने बी तूच सांगणार. त्यानं सोता कबूल केलं व्हतं, समद्यांच्या म्होरं. आन् तू त्याच्यासाठी सोताच्या अंगावर घेतीस.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता. कौतुक होतं, आणि ते मला सोसवेना.

“मला इंग्रजी येत नाय, बाई,” अण्णा म्हणाले. “पर माझ्या लेकीला येतं. तिचं इंग्रजी कवा चुकत नाय.”